गांगुर्डे बाईंची चांगुणा

गांगुर्डे बाई फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा काढत तेव्हा सुरुवात आतून करत. भूगोलाचे इतर शिक्षक आधी खंडाची बाहेरची रेघ ओढतात, मग नद्या, मग डोंगर. बाई आधी मधोमध एक मोठं तळं काढायच्या. तळ्याच्या उजव्या अंगाला खडूचा एक ठिपका. त्या ठिपक्यापासून समुद्रापर्यंत आगगाडीची रेघ, आडव्या काड्या मारलेली. एवढं झालं की मग राहून गेल्यासारखा बाकीचा खंड. आमच्या शाळेतल्या मुलींच्या नकाशांत व्हिक्टोरिया सरोवर कायम प्रमाणाबाहेर मोठं यायचं. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलंच, "बाई, तळं जरा जास्त मोठं नाही झालं?"

बाई म्हणाल्या, "मी लहानपणी पाहिलंय. तेव्हा एवढंच होतं."

साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. त्या फारशा हसत नसत.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी त्या शाळेत मराठी शिकवायला लागले. नुकतं लग्न झालेलं होतं, गंगापूर रोडला दोन खोल्यांत आमचा संसार होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेव्हा पेरूच्या बागा होत्या आणि बंगले एकमेकांपासून लांब लांब. बाई आमच्या मागच्या गल्लीत एकट्या राहायच्या. उंच, काटक, सावळ्या. पांढरं सुती पातळ, आणि पायांत पुरुषांच्या असतात तशा जाड तळाच्या चपला. सकाळी आम्ही बरोबर चालत शाळेत जायचो. बाईंच्या हातात बारा महिने छत्री असायची आणि ती उघडलेली मी क्वचितच पाहिली. वाटेकडेच्या गवतात ती छत्री टोचत टोचत त्या पुढं व्हायच्या. "सापाला आधी सांगावं लागतं, आम्ही येतोय म्हणून," असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. गंगापूर रोडला साप होते, पण इतके नव्हते.

त्यांचे वडील मूळ निफाडकडचे. पहिल्या महायुद्धात पलटणीच्या दवाखान्यात मलमपट्टी करायला म्हणून बोटीनं आफ्रिकेला गेले आणि लढाई संपल्यावर तिथंच रेल्वेच्या दवाखान्यात कंपाउंडर झाले. पुढं गावाकडून बायकोला नेलं. किसुमू म्हणून तळ्याकाठी गाव आहे, त्याच्या अलीकडच्या एका लहान स्टेशनात बाईंचा जन्म. वडील वारल्यावर आई त्यांना घेऊन नाशकाला आपल्या भावाकडे आली. मामांनी शिकवलं, बाई मास्तरीण झाल्या, आईला शेवटपर्यंत सांभाळलं. लग्न केलं नाही. घरात एक कॉट, एक टेबल, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि स्वयंपाकघरात मक्याच्या पिठाचा डबा. भाकरी न करता त्या पिठाचा घट्ट गोळा शिजवायच्या आणि पालेभाजीबरोबर हातानं मोडून खायच्या. मी एकदा खाऊन पाहिला. चव अशी काहीच नव्हती. "चव भाजीत असते," बाई म्हणाल्या, "हे पोटासाठी."

तिकडचा एक शब्द मात्र त्या आमच्यात सर्रास वापरायच्या. कुणाला ठेच लागली, कुणाच्या घरी माणूस गेलं, कुणी नापास झालं की बाई जवळ जाऊन हळूच म्हणायच्या, "पोले." आधी मुली खुदखुदायच्या. नंतर त्याही एकमेकींना म्हणायला लागल्या. मी एकदा अर्थ विचारला.

"वाईट वाटलं, असं?" मी म्हटलं.

"वाईट वाटलं म्हणजे आपल्याला वाटलं. हे तसं नाही. तुझं दुखतंय ते मला दिसलं, एवढंच. पुढं काही म्हणायचं नाही."

बाईंच्या स्वभावात एक वेडी धार होती. ती मी पहिल्यांदा पाहिली ती मुख्याध्यापिका बाईंचं घड्याळ हरवलं तेव्हा. हात धुताना त्यांनी ते बेसिनवर काढून ठेवलं आणि विसरल्या. परत गेल्या तर घड्याळ नाही. तिथं झाडायला गेली होती आमची शिपाई सोनूबाई. झालं. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांच्या तोंडी एकच. कुणी म्हणालं तिच्या नवऱ्याला दारू लागते, कुणी म्हणालं मागं एकदा डस्टरही गेलं होतं. सोनूबाई दाराशी उभी, पदर तोंडात धरलेला. तिला काढून टाकायचं ठरतच आलं होतं.

गांगुर्डे बाई डबा बंद करून उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"तिला कुणी घेताना पाहिलं?"

"पाहिलं नाही, पण दुसरं कोण जाणार तिथं?" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"मी गेले होते. मला काढा."

"अहो गांगुर्डे बाई, काहीतरीच काय!"

"मग तिच्याबद्दल बोललात ते काहीतरीच नव्हतं?"

घड्याळ मिळालं नाही. सगळी शाळा पालथी घातली, मोरीचं भोकसुद्धा उचकटलं, तरी मिळालं नाही. पण बाई दारातून हटल्या नाहीत आणि सोनूबाई राहिली. परत येताना मी म्हटलं, "पण बाई, घड्याळ गेलं कुठं?" तर त्या थांबल्या. छत्री जमिनीत रोवली.

"सापडलं नाही म्हणजे सापडलं नाही, सुमन. सापडत नाही म्हणून कुणाला तरी सापडवायचं नसतं."

आवाज इतका चढला होता की पेरूच्या बागेतला राखणदार कुंपणाशी येऊन पाहायला लागला. एका घड्याळासाठी एवढं काय, असं मला तेव्हा वाटलं.

कादंबरीचं कळलं त्यानंतर. बाई लिहितात हे कुणाला माहीत नव्हतं. पावसाळ्यात एकदा मधल्या सुट्टीत वीज गेली, बाहेर धो धो पाऊस, आणि कुणीतरी म्हणालं, बाई, तुमच्या आफ्रिकेचं काहीतरी सांगा की. बाई म्हणाल्या, "आफ्रिकेचं नको. चांगुणाचं सांगते."

त्या दिवसापासून आम्हाला चांगुणाचं वेड लागलं. गोष्ट होती बाईंच्या जन्माच्या आधीची, तिकडे रेल्वे टाकली जात होती त्या काळातली. चांगुणा ही रेल्वेच्या कंपाउंडरची मोठी मुलगी. वय सतरा. तिला रुळांवरची ढकलगाडी चालवता येते, होडी वल्हवता येते, गोऱ्या साहेबाच्या तोंडावर इंग्रजीतून खोटं बोलता येतं. तिची धाकटी बहीण शकू एका सकाळी पुलाखाली मेलेली सापडते. साहेब म्हणतो, पाय घसरला. मग म्हणतो, नाही, कुणीतरी ढकललं, आणि आपल्याच बंगल्यावरच्या स्वयंपाक्याला धरून देतो. चांगुणाला ते पटत नाही आणि ती स्वतः शोध घ्यायला निघते.

काय काय करायची ती चांगुणा! साहेबाच्या बंगल्याच्या माळ्यावर दिवसभर पडून राहायची. एकदा पाणघोड्यांच्या कळपातून तिनं होडी काढली. त्यातल्या एकानं होडीखाली डोकं घातलं तेव्हा आमच्या शिवणाच्या कुलकर्णी बाईंच्या हातातला घास तसाच राहिला. एकदा उतारावर ढकलगाडीचा ब्रेक तुटला आणि समोरून इंजिन येत होतं, आणि नेमकी घंटा झाली. वर्गावर जावं लागलं. बाई शांतपणे खडू घेऊन निघाल्या. आम्ही चार तास चांगुणाला रुळांवर ठेवून शिकवत होतो.

ढकलगाडीचं बरोबर आहे की नाही हे विचारायला बाई नाशिकरोड स्टेशनात जाऊन रुळांची देखभाल करणाऱ्या माणसांपाशी दुपारभर बसल्या होत्या. मनचं काही लिहायचं नाही हा त्यांचा हट्ट. त्यापायी एका रविवारी त्यांनी मला कालव्यावर नेलं. उन्हाळा होता, कालव्याला पाणी नव्हतं. बाईंनी भुसा आणि वाळू भरून शिवलेलं एक लांबट पोतं रिक्षातून आणलं होतं. आम्ही दोघींनी ते ओढत ओढत पुलाच्या मध्यावर नेलं.

"आधी नुसतं सोडायचं," त्या म्हणाल्या. "पाय घसरल्यासारखं."

सोडलं. पोतं खांबाला घासून सरळ खाली गेलं. मग खाली उतरून ते पुन्हा वर आणलं. मला हसू आवरत नव्हतं. दोन मास्तरणी, पदर खोचलेले, घामाघूम, पोतं ओढताहेत.

"आता टाकायचं. जोर लावून. तू पायाकडून धर."

"पायाकडून?"

"ह्या टोकाला."

दोघींनी झोका देऊन टाकलं. ते खांबापासून चांगलं लांब जाऊन पडलं. एक दूधवाला सायकल थांबवून बघत होता. "काय टाकलं हो बाई?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "काही नाही, शाळेचा प्रयोग आहे," आणि पुन्हा हसायला लागले. वळून बघते तर बाई माझ्याजवळ नव्हत्या. उतारावरून खाली गेल्या होत्या. कालव्याच्या तळाशी, त्या पोत्याशेजारी मातीत बसल्या होत्या आणि पोत्यावर हात ठेवला होता. मी खाली गेले. चेहरा असा झाला होता की माझं हसू जागच्या जागी विरलं.

"लांबच पडलं ना?" त्यांनी मला विचारलं. "तूही पाहिलंस ना?"

"हो, लांब पडलं."

"खांबाला लागून नाही पडत. मला वाटलंच होतं."

परतताना त्यांनी छत्री गवतात एकदाही टोचली नाही. ऊन लागलं असेल, असं मी घरी सांगितलं.

कादंबरी पुरी झाली तेव्हा माझा मोठा मुलगा शाळेत जायला लागला होता. नाव ठेवलं होतं 'पुलाखाली'. बाईंनी ती पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवली. रहस्यकथांचा तेव्हा मोठा खप होता; भाड्यानं पुस्तकं देणारी दुकानं गल्लोगल्ली होती. प्रकाशकानं भेटायला बोलावलं. बाई म्हणाल्या, तू चल, तुझं मराठी आहे. मी गेले.

गृहस्थ गोड बोलणारे होते. चहा मागवला. लिखाण आवडल्याचं सांगितलं. पाणघोडे तर फारच आवडले. मग म्हणाले, "फक्त नायिकेचं नाव तेवढं बदलू या. चांगुणा! अहो, चांगुणा कुठं आफ्रिकेत जाते का? नीलांबरी कसं वाटतं?"

"चांगुणाच गेली होती," बाई म्हणाल्या.

"बरं, ते बघू. पण शेवट असा नाही चालायचा बाई. चांगुणा सगळ्यांसमोर साहेबाचं नाव घेते, आणि साहेबाची नुसती बदली होते? आणि तो स्वयंपाकी फासावर जातो? वाचकानं अडीचशे पानं कशाला वाचायची? गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे."

"नाही झाली तर?"

"तर मग ज्याला शिक्षा झाली तोच गुन्हेगार ठेवा की! स्वयंपाकी. काळा माणूस, हातात सुरी, अंधारी वेळ. वाचकाला लगेच पटतं. तुम्हाला फारसं बदलावंही लागणार नाही."

बाई उठल्या. अगदी शांतपणे म्हणाल्या, "एकदा ते तसं लिहून झालेलं आहे. मी पुन्हा लिहिणार नाही."

प्रकाशकाला काही समजलं नाही. मलाही नाही. पण त्यानं "बरं बरं, राहू द्या, आम्ही बघतो," असं म्हणून कराराच्या कागदावर सही घेतली.

नाशकाकडे येणाऱ्या एस.टी.त आम्हाला मागची जागा मिळाली. नारायणगाव मागं पडलं तेव्हा मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "बाई, गोष्टीत मेलेल्या मुलीला तुम्ही तुमचं नाव कसं दिलंत? शकू?"

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "दोघी बहिणी होतो. गोष्टीत एकीला मरावंच लागतं. मी मला घेतलं."

मला कळायला वेळ लागला. बसमध्ये कोंबड्यांची डाल होती, पुढं कुणाचं तरी मूल रडत होतं, आणि बाई भूगोलाचा धडा सांगावा तशा सांगत होत्या. चांगुणा ही त्यांची मोठी बहीण. खरीच. साहेबाची मडम आजारी होती, तिच्या बाळाला सांभाळायला ती बंगल्यावर जायची. एका दिवेलागणीला ती घरी आली नाही. सकाळी पुलाखाली सापडली, खांबापासून खूप लांब. संध्याकाळच्या मालगाडीच्या गार्डानं पुलावरून काहीतरी पडताना पाहिलं होतं, त्यामुळे वेळ पक्की होती.

"बंगल्यावरचा स्वयंपाकी ओतिएनो म्हणून होता. माझ्यासाठी मक्याचं कणीस भाजून आणायचा. त्याला धरलं. पण ती मालगाडी पुलावरून गेली ना सुमन, तेव्हा ओतिएनो आमच्या दवाखान्यात होता. तेलानं हात भाजला होता त्याचा. बाबा पट्टी बांधत होते आणि मी कापूस धरून उभी होते. मालगाडीची शिट्टी ऐकून तो म्हणाला, उशीर झाला, साहेब ओरडणार."

"मग बाबांनी सांगितलं नाही?"

"बाबांनी सांगितलं की ओतिएनो पुलाकडे जाताना दिसला."

बस थांबली, माणसं चढली, पुन्हा निघाली.

"साहेब घरी आला होता. धमकी नाही, शिवी नाही. पडवीत बसला, चहा प्यायला, आणि बाबांना एवढंच विचारलं, तुझी दुसरी मुलगी आता किती वर्षांची झाली? मी आत आईजवळ होते. ऐकलं मी. दुसऱ्या दिवशी बाबांनी जबाबावर सही केली. मी म्हटलं, बाबा, तो तर आपल्याकडे होता. तर बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, तू झोपली होतीस."

बाईंनी माझ्याकडे तोंड वळवलं. "मी झोपले नव्हते, सुमन."

मनात आलेला एकच शब्द त्यांचाच होता. "पोले," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली.

मग मी विचारलं, "साहेबानंच केलं का?"

"मला माहीत नाही. कुणी शोधलंच नाही. ज्याच्यावर लोटायचं तो मिळाला, मग शोधायचं कशाला? म्हणून तर चांगुणाला शोधायला लावलं."

ओतिएनोला फाशी झाली. बाबा पुढं सात-आठ वर्षं जगले, पण त्यांच्या हातानं पट्टी नीट बांधली जाईना. गाठ सुटायची. माणसं बाईंकडून बांधून घ्यायची.

वर्षाभरात पुस्तक आलं, दोन हजार प्रती काढल्या होत्या. बाईंना त्याआधी सुरुवातीची तेवढी पानं तपासायला आली होती, त्यांत चांगुणा चांगुणाच होती; शेवटची आलीच नाहीत. पुस्तक मीच आधी पाहिलं, मेनरोडच्या एका दुकानात टांगलेलं. नाव होतं 'काळ्या खंडातील खून'. मुखपृष्ठावर गोरीपान बाई, हातात पिस्तूल, मागं दात विचकणारा काळा माणूस. नायिका नीलांबरी. लेखिका म्हणून नुसतं 'कु. शकुंतला', आडनाव गाळलेलं. मी उभ्या उभ्या शेवटचं पान काढलं. स्वयंपाक्यानं गुन्हा कबूल केला होता. नीलांबरीनं त्याला पकडून दिलं होतं आणि साहेबानं तिच्या गळ्यात हार घातला होता.

ते पुस्तक बाईंकडे कसं न्यायचं या विचारात मी दोन दिवस काढले. पण त्यांच्याकडे पोस्टानं प्रती येऊन पडलेल्या होत्या. मी गेले तेव्हा त्या टेबलाशी बसल्या होत्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "बाबांनी एकदाच सही केली होती. माझ्या नावानं दोन हजार वेळा झाली."

मी म्हटलं, कोर्टात जाऊ. एका वकिलांना भेटलोही. त्यांनी करार वाचला, बदलांचा हक्क प्रकाशकाला दिलेला आहे म्हणाले, चष्मा काढला आणि विषय बदलला. बाईंनी प्रकाशकाला लिहिलं. उत्तर आलं की पुस्तकाला मागणी उत्तम आहे, नीलांबरीचा दुसरा भाग लिहिता का?

मग बाईंनी जे सुरू केलं ते त्यांनाच सुचू शकतं. त्या भाड्याच्या पुस्तकांच्या दुकानांत जायच्या आणि हे पुस्तक कुणी नेलंय ते विचारायच्या. मग त्या माणसाच्या घरी जायच्या. "मी हे लिहिलंय. शेवट खोटा आहे. खरा सांगायला आलेय." लोक घाबरायचे. काही जण चहा द्यायचे. एका घरी बायकोनं दार लावून घेतलं. शाळेत कुजबुज झाली की बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. ज्या कुलकर्णी बाई पाणघोड्यांच्या वेळी घास विसरल्या होत्या त्याच म्हणाल्या, "गोष्ट ती गोष्ट. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" त्यांना बसमधलं काही माहीत नव्हतं, आणि बाईंनी मला सांगू दिलं नाही.

येवल्याला एका वाचनालयात पुस्तक गेल्याचं कळलं तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेले. पैठणीच्या मागांची खटखट बाहेर चालू होती. वाचनालयात पाच-सहा माणसं जमली. बाईंनी उभं राहून खरा शेवट सांगितला, सगळा. चांगुणा फलाटावर उभी राहून साहेबाचं नाव घेते, कुणी ऐकत नाही, गाडी सुटते. माणसं भल्या स्वभावाची होती, त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी कोपऱ्यातले एक म्हातारे गृहस्थ, धोतर-टोपी, हातात पेपर, प्रेमानंच म्हणाले, "चांगलं सांगितलंत बाई. पण आता छापलंय ते छापलंय. लोक तेच खरं धरणार."

बाईंनी पुस्तक बंद केलं. परतीच्या वाटेवर एस.टी.च्या दोन्ही बाजूंना कांद्याचे ढीग होते आणि त्या वासानं डोळ्यांत पाणी येत होतं. निदान मी तरी तसं धरलं. त्यानंतर त्या कुणाच्याही घरी गेल्या नाहीत. शाळेत फळ्यावर आफ्रिका काढायची वेळ आली की मुलींना पुस्तकातला नकाशा गिरवायला सांगायच्या. तळं आता पुस्तकातल्याएवढंच येऊ लागलं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी गंगापूर रोडची खोली सोडली. पेरूच्या बागा जाऊन तिथं इमारती उठत होत्या. त्या सुरगाण्याला गेल्या, मुलींच्या एका वसतिगृहात शिकवायला. पगार नव्हता, राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण. आईबाप मजुरीला नाशिककडे उतरले की मुली तिथं राहायच्या. बाईंची पत्रं आधी यायची, मग विरळ झाली. तिथंच त्या काविळीनं गेल्या. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. मला त्या शेवटच्या दिसल्या त्या त्याआधीच्या हिवाळ्यात, आणि तेच आता सांगायचं राहिलंय.

मी जीपनं गेले होते. घाटात जीपला माणसं लोंबकळत होती. पोचले तर दुपार झालेली. वसतिगृहाच्या ओट्यावर पंधरा-वीस मुली पसरून बसलेल्या, मधे बाई. फारच वाळल्या होत्या. मला पाहून त्यांनी हातानंच बस म्हणून खूण केली आणि पुढं सांगत राहिल्या. त्या चांगुणाची गोष्ट सांगत होत्या, पण कादंबरीतली नाही. बसमधली. ह्या गोष्टीत मेलेली मुलगी चांगुणा होती, आणि शकू कापूस धरून उभी होती. बाबा म्हणाले, तू झोपली होतीस. ओतिएनोला नेलं. संपलं.

मग पुढं बसलेली एक नकटी, तेल न लावलेल्या केसांची मुलगी म्हणाली, "बाई, तो ओतिएनो, तेला घर होता?"

"होतं. तळ्याच्या पलीकडे."

"पोरां होती?"

"दोन मुलगे होते. लहान."

"मंग तेंना कोनी सांगला का, का तेंचे बापानं नाय केला म्हनून?"

बाई सबंध आयुष्य चांगुणाला कोणी मारलं हे शोधत राहिल्या होत्या; ते लिहिलं होतं, दारोदार जाऊन सांगितलं होतं. नाशिकला, येवल्याला.

"नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना कोणीच नाही सांगितलं."

"मंग तुमी जा ना," मुलगी म्हणाली. पाण्याला जा म्हणावं इतक्या सहज.

दुसऱ्या मुली हसल्या. बाई हसल्या नाहीत.

जेवण झालं, इकडचं तिकडचं बोलणं झालं. मी त्यांच्यासाठी स्वेटर नेला होता, तो त्यांनी लगेच घातला. परतीची जीप भरत आली तेव्हा मला सोडायला फाटकापर्यंत आल्या. बोलताना धाप लागत होती. मी जीपमध्ये दाटीवाटीनं बसले, आणि त्या खिडकीशी वाकून म्हणाल्या, "सुमन, पासपोर्ट काढायचा तर नाशकात कुठं जावं लागतं गं?"

मी म्हटलं, "चौकशी करून कळवते."

"लवकर कळव. ते मुलगे आता म्हातारे झाले असतील."

ड्रायव्हरनं जीप सुरू केली. धूळ उडाली. वळणावर मी मागं पाहिलं तर बाई अजून फाटकाशीच होत्या. ती नकटी मुलगी त्यांच्याजवळ येऊन उभी होती आणि बाई तिला हात लांब करून डोंगरांच्या पलीकडे, मावळतीच्या जरा डावीकडे, काहीतरी दाखवत होत्या.